फ्रेम रिलेचं पीव्हीसी जोडताना: आधी स्विच, मग डीएलसीआय, पिंग सगळ्यात शेवटी

फ्रेम रिले म्हणजे दूरच्या शाखांचे राउटर सेवा कंपनीच्या स्विचमार्फत जोडायची जुनी पद्धत. तिचं प्रॅक्टिकल बिघडतं तेव्हा कमांड सहसा बरोबरच असतात. चुकलेला असतो तो क्रम. वहीतल्या कमांड तीन राउटरवर उतरवायच्या, लगेच पिंग (पलीकडून उत्तर येतं का हे बघायची चाचणी) मारायचा, पाच ठिपके बघायचे आणि मग जिथे बिघाडच नाही तिथे दुरुस्ती सुरू करायची, हा आपल्या सोलापुरातल्या लॅबमधला नेहमीचा प्रकार. "काय बे, सगळं तर टाकलंय, तरी पिंग जाईना" असं ज्या टेबलावर ऐकू येतं, तिथे बहुतेक वेळा एकही शो कमांड मारलेली नसते.

हा लेख पर्मनंट व्हर्च्युअल सर्किट, म्हणजे पीव्हीसी (दोन राउटरमधला कायमचा ठरवून दिलेला मार्ग), जोडण्यापुरता आहे. सेवा देणाऱ्या कंपन्या फ्रेम रिले सोडून केव्हाच पुढे गेल्या. तरी सेकंडहँड राउटरच्या रॅकवर आणि ओरलच्या प्रश्नांत ते अजून भेटतंच. शिवाय हब (मधलं ऑफिस) आणि स्पोक (त्याला जोडलेल्या शाखा) यांचा घोळ इथे एकदा नीट कळला की पुढे डीएमव्हीपीएन (इंटरनेटवरून शाखा जोडायची नंतरची पद्धत) शिकताना अर्धी डोकेदुखी वाचते.

उदाहरण सरळ घेऊ. हेड ऑफिस सोलापुरात, एक डेपो पंढरपूरला, एक बार्शीला. चार सिस्को राउटर लागतील: तीन गावांचे तीन आणि चौथा फ्रेम रिले स्विचचं काम करणारा. पंढरपूर आणि बार्शी यांच्यात थेट सर्किट नाही; जे काही जाईल ते सोलापूरमार्गे.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. की-बोर्डवर त्या अर्थातच नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाकायच्या.

टप्पा १: कागद

राउटरला हात लावण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. हे टाळणाऱ्याचा वेळ पुढे हमखास जातो.

सोलापूर: पंढरपूरसाठी डीएलसीआय १०२, बार्शीसाठी १०३
पंढरपूर: सोलापूरसाठी डीएलसीआय २०१
बार्शी: सोलापूरसाठी डीएलसीआय ३०१

डीएलसीआय हा आपला राउटर आणि स्विच यांच्यामधल्या तारेपुरता सर्किटचा नंबर आहे. सोलापूरच्या एसटी स्टँडवर पंढरपूरची गाडी ज्या फलाटावर लागते, त्या आकड्याचा ती पंढरपूरच्या स्टँडवर कुठे उभी राहते याच्याशी काही संबंध नसतो, तसंच हे. सोलापूरच्या राउटरला २०१ हा आकडा कधीच कळत नाही आणि कळायची गरजही नाही. १०२ वरून आलेली फ्रेम २०१ करून पुढे ढकलायची, हे फक्त स्विचला माहीत असतं.

दोन्ही टोकांना एकच नंबर दिला तरी चालतं, पण शिकताना देऊ नका. दोन्हीकडे १०० ठेवून प्रॅक्टिकल जमलं की "डीएलसीआय दोन्हीकडे सारखाच हवा" असा समज पक्का होतो आणि तो नंतर काढणं अवघड जातं.

आकडे निवडताना १६ ते ९९१ मध्ये राहा. फील्ड दहा बिटांचं असल्यामुळे एकूण ० ते १०२३ असे नंबर होतात, पण दोन्ही टोकांचे राखीव असतात. एलएमआय म्हणजे सर्किट चालू आहे का याची राउटर आणि स्विच यांच्यातली सततची विचारपूस. ॲन्सी आणि क्यू९३३ए प्रकारचा एलएमआय डीएलसीआय ० वर बोलतो, सिस्कोचा स्वतःचा एलएमआय १०२३ वर.

त्याच कागदावर आयपी पत्ते लिहा. सोलापूर-पंढरपूर जोडीला १०.१०.१२.० /३०, सोलापूर-बार्शी जोडीला १०.१०.१३.० /३०. दोन्हीकडे सोलापूरचा पत्ता .१ आणि डेपोचा .२.

टप्पा २: केबल आणि क्लॉक

सीरियल केबलची एक बाजू डीटीई असते, दुसरी डीसीई (क्लॉक, म्हणजे तारेवरच्या वेगाचा ठोका, देणारी). डीसीई बाजू स्विचच्या राउटरला, डीटीई बाजू गावच्या राउटरला. जुन्या केबलवरचं लेबल उडालेलं असतं किंवा कुणीतरी भलतंच चिकटवलेलं असतं. लेबलावर विसंबू नका, राउटरलाच विचारा:

शो कंट्रोलर्स सीरियल ०/०/०

सुरुवातीच्या काही ओळींतच डीसीई व्ही.३५ किंवा डीटीई व्ही.३५ असं येतं. केबलच नाही असं आलं तर कनेक्टर काढून परत बसवा. डब्ल्यूआयसी-२टी कार्डाचा स्मार्ट सीरियल कनेक्टर छोटा आणि नाजूक. तो उलटा घुसवायचा प्रयत्न झाला की पिना वाकतात आणि ते पोर्ट कायमचं गेलं असं समजा.

क्लॉक रेट फक्त डीसीई केबल लागलेल्या पोर्टवर द्यायचा, म्हणजे आपल्या रचनेत तिन्ही क्लॉक स्विचवरच. आपण ६४००० ठेवू. वेग कमी ठेवण्यामागे एक हेतू आहे, तो पिंगच्या टप्प्यावर कळेल.

कन्सोलसाठी ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. फ्लो कंट्रोल चालू राहिला की स्क्रीनवर सगळं दिसतं, पण टाइप केलेलं काहीच जात नाही आणि बिचाऱ्या की-बोर्डवर आळ येतो.

टप्पा ३: राउटर कोरे करा

आधीच्या बॅचचं कॉन्फिग शिल्लक असलेल्या राउटरवर काम सुरू करू नका. राइट इरेज, मग रीलोड. "सेव्ह करायचं का" असं विचारलं तर नाही म्हणा. सेटअपचा संवाद सुरू करायचा का, यालाही नाही.

"नो इंटरफेस" मारून जुने सब-इंटरफेस (एकाच पोर्टचे पाडलेले कल्पित भाग) काढले तरी रीलोड लागतोच. पॉइंट-टू-पॉइंट (एकाच सर्किटसाठी) म्हणून बनवलेला सब-इंटरफेस काढून त्याच नंबरचा मल्टिपॉइंट (अनेक सर्किटांसाठी) बनवायला गेलात, तर रीलोड होईपर्यंत राउटर तो घेत नाही. कमांड शंभर टक्के बरोबर आणि तरी एरर, अशी गंमत बहुधा इथलीच असते.

टप्पा ४: स्विच

सगळ्यात आधी हा राउटर. गावचे राउटर आधी करून ठेवले तर त्यांच्याशी बोलायला समोर कुणी नसतं, सगळीकडे डाउन दिसतं, आणि त्यातलं किती खरं बिघडलेलं आहे ते कळत नाही.

पहिली कमांड ग्लोबल मोडमध्ये:

फ्रेम-रिले स्विचिंग

ही राहिली तर पुढे पोर्टला डीसीई करताना राउटर अडवतो. त्यानंतर सोलापूरकडे जाणारं पोर्ट:

इंटरफेस सीरियल ०/०/०
नो आयपी ॲड्रेस
एनकॅप्सुलेशन फ्रेम-रिले
फ्रेम-रिले एलएमआय-टाइप ॲन्सी
फ्रेम-रिले इंटफ-टाइप डीसीई
क्लॉक रेट ६४०००
फ्रेम-रिले रूट १०२ इंटरफेस सीरियल ०/०/१ २०१
फ्रेम-रिले रूट १०३ इंटरफेस सीरियल ०/१/० ३०१
नो शटडाउन

एनकॅप्सुलेशनची ओळ बाकीच्या फ्रेम-रिले कमांडच्या आधीच यायला हवी, नाहीतर त्या सगळ्या नाकारल्या जातात. "इंटफ" हे कमांडमधलं पूर्ण रूप आहे. तिथे इंटरफेस असं सगळं टाइप केलं तर चालत नाही.

पंढरपूरचं पोर्ट सीरियल ०/०/१ आणि बार्शीचं सीरियल ०/१/०. दोन्हींवर वरच्याच ओळी, फक्त रूट उलटे:

सीरियल ०/०/१ वर: फ्रेम-रिले रूट २०१ इंटरफेस सीरियल ०/०/० १०२
सीरियल ०/१/० वर: फ्रेम-रिले रूट ३०१ इंटरफेस सीरियल ०/०/० १०३

रूटची ओळ अशी वाचा: या पोर्टवर अमुक नंबरने आलं, तर त्या पोर्टवर तमुक नंबरने सोड. परतीचा रूट आपोआप बनत नाही, तो दुसऱ्या पोर्टवर आपणच द्यायचा.

सावधान: डीसीई केबल लावली म्हणून फ्रेम रिलेचा डीसीई झाला असं नाही. केबल ठरवते ती क्लॉक कोण देणार हे. इंटफ-टाइप ठरवतो तो एलएमआयच्या प्रश्नांना उत्तर कोण देणार हे. पहिलं झालं आणि दुसरं राहिलं, तर दोन्ही बाजू नुसते प्रश्न विचारत बसतात आणि लाइन प्रोटोकॉल वर येत नाही.

तपासा: शो फ्रेम-रिले रूट. चार ओळी दिसायला हव्यात. आत्ता त्या इनॲक्टिव्ह असतील, ते योग्यच आहे. कागद समोर धरून प्रत्येक ओळीतले चारही रकाने, येणारं पोर्ट, येणारा नंबर, जाणारं पोर्ट, जाणारा नंबर, बोट ठेवून जुळवा. या कामात मी सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला लावतो, कारण इथे पोर्टची अदलाबदल झाली तर पुढे पंढरपूरचा पत्ता बार्शीच्या दारात शोधत बसावं लागतं.

टप्पा ५: गावच्या राउटरवर फक्त एलएमआय

आयपी पत्ता टाकायचा मोह इथे आवरा. तिन्ही गावांच्या राउटरवर, स्विचकडे जाणाऱ्या पोर्टला, एवढंच:

इंटरफेस सीरियल ०/०/०
नो आयपी ॲड्रेस
एनकॅप्सुलेशन फ्रेम-रिले
नो शटडाउन

एलएमआयचा प्रकार इथे मुद्दाम लिहिलेला नाही. सिस्कोच्या आयओएस ११.२ पासून राउटर तो स्वतः ओळखतो: तिन्ही प्रकारांत चौकशी पाठवतो आणि ज्याला उत्तर येतं तो धरतो. पण ही सोय गावच्या बाजूलाच, स्विचच्या बाजूला नाही. गावच्या राउटरवर हाताने प्रकार लिहिला की आपोआप ओळखणं बंद होतं. म्हणून एक तर लिहूच नका, किंवा लिहायचाच तर स्विचवरचाच लिहा. एका बाजूला ॲन्सी, दुसऱ्या बाजूला सिस्को असा प्रकार झाला की "सीरियल इज अप, लाइन प्रोटोकॉल इज डाउन" ठरलेलं.

तपासा: शो फ्रेम-रिले एलएमआय. पाठवलेल्या चौकश्या आणि मिळालेली उत्तरं असे दोन आकडे आहेत. दहा-वीस सेकंदांनी तीच कमांड परत मारा. दोन्ही आकडे जोडीने वाढत असतील तर एलएमआय जिवंत आहे. चौकश्या वाढतायत, उत्तरं शून्यावरच आहेत आणि टाइमआउट चढतायत, म्हणजे दोष एक तर एलएमआय प्रकारात, नाहीतर इंटफ-टाइपमध्ये, नाहीतर क्लॉकमध्ये. आयपीकडे बघूसुद्धा नका.

आणखी आत बघायचं असेल तर डीबग फ्रेम-रिले एलएमआय. बाहेर जाणाऱ्या ओळीत मायसीक आणि युअरसीन असे दोन आकडे असतात. मायसीक दर दहा सेकंदांनी एकाने वाढतो. युअरसीन जागचा हलत नसेल तर समोरून काहीच येत नाही. बघून झालं की अनडीबग ऑल.

एक घातक शॉर्टकट इथे फार चालतो. लाइन प्रोटोकॉल वर येत नाही म्हणून कुणीतरी "नो कीपअलाइव्ह" टाकतं आणि क्षणात सगळं अप दिसायला लागतं. ते खोटं अप आहे. राउटरने विचारणंच बंद केलं, म्हणून तक्रार थांबली. पीव्हीसीसमोर ॲक्टिव्हऐवजी स्टॅटिक दिसलं तर कुणीतरी हा उद्योग केलाय असं खुशाल समजा. मध्ये स्विच न ठेवता दोन राउटर थेट जोडायचे असतील तेव्हा ही कमांड लागते, इथे नाही.

टप्पा ६: पीव्हीसीची स्थिती वाचा

शो फ्रेम-रिले पीव्हीसी

सोलापूरवर १०२ आणि १०३ दोन्ही दिसायला हवेत, आपण ते कुठेही टाइप केलेले नसताना. स्विचनेच ते एलएमआयमधून कळवले. समोर अनयूज्ड असा वापर दिसेल, कारण अजून ते कोणत्याही इंटरफेसला बांधलेले नाहीत.

आता स्थितीचा शब्द. कुठे दुरुस्ती करायची हे तो एक शब्द सांगतो, आणि नेमका तोच कुणी वाचत नाही.

ॲक्टिव्ह: स्विचमधून पलीकडच्या टोकापर्यंत सर्किट उभं आहे. आयपीबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही.

इनॲक्टिव्ह: आपल्यापासून स्विचपर्यंत सगळं ठीक आहे, पलीकडचं टोक अजून वर नाही. सोलापूरवर १०३ इनॲक्टिव्ह असेल तर सोलापूरच्या राउटरपुढून उठा आणि बार्शीच्या राउटरपुढे जाऊन बसा.

डिलीटेड: हा नंबर स्विचला ठाऊकच नाही. एक तर तुम्ही चुकीचा डीएलसीआय लिहिला, किंवा स्विचवर त्याचा रूट दिला नाही. १०२ च्या जागी २०१ लिहिणाऱ्याला हमखास हाच शब्द भेटतो.

सावधान: काही बदललं की लगेच निकाल मागू नका. कीपअलाइव्ह दर १० सेकंदांनी जातो, पण सर्व पीव्हीसींची पूर्ण यादी दर सहाव्या वेळी येते. बदल दिसायला मिनिटभर लागू शकतं. त्या एका मिनिटात बरोबर केलेलं खोडून चुकीचं टाकणारे खूप पाहिलेत.

गावच्या तिन्ही राउटरवर ॲक्टिव्ह दिसल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ७: सब-इंटरफेस आणि पत्ते

पहिल्यांदा करताना पॉइंट-टू-पॉइंट सब-इंटरफेसच घ्या. प्रत्येक सर्किटला वेगळा इंटरफेस, वेगळं सबनेट, त्यामुळे कुठला पत्ता कुठल्या नंबरावर हा प्रश्नच उरत नाही. सोलापूरवर:

इंटरफेस सीरियल ०/०/०.१०२ पॉइंट-टू-पॉइंट
आयपी ॲड्रेस १०.१०.१२.१ २५५.२५५.२५५.२५२
फ्रेम-रिले इंटरफेस-डीएलसीआय १०२

इंटरफेस सीरियल ०/०/०.१०३ पॉइंट-टू-पॉइंट
आयपी ॲड्रेस १०.१०.१३.१ २५५.२५५.२५५.२५२
फ्रेम-रिले इंटरफेस-डीएलसीआय १०३

पंढरपूरवर सब-इंटरफेस २०१, पत्ता १०.१०.१२.२, डीएलसीआय २०१. बार्शीवर ३०१, पत्ता १०.१०.१३.२, डीएलसीआय ३०१.

सब-इंटरफेसचा नंबर आणि डीएलसीआय सारखा ठेवणं ही निव्वळ सोय आहे. .१०२ असं नाव दिलं म्हणून डीएलसीआय १०२ लागू होत नाही; तिसरी ओळ लागतेच. ती ओळ नसलेला सब-इंटरफेस मी बघतो तेव्हा बहुतेक वेळा मुलाचं म्हणणं असतं, "सर, नंबर दिलाय की वर."

मुख्य इंटरफेसवर आयपी पत्ता नको. आणि या प्रकारावर फ्रेम-रिले मॅप ही कमांड (कुठला आयपी पत्ता कुठल्या डीएलसीआयवर हे सांगणारी) चालत नाही; टाकलीत तर राउटर स्वतःच सांगतो की इथे इंटरफेस-डीएलसीआय वापरा.

समोरचा राउटर सिस्कोचा नसेल तर मुख्य इंटरफेसवरच एनकॅप्सुलेशन फ्रेम-रिले आयईटीएफ असं द्या. सिस्कोचं मूळ एनकॅप्सुलेशन दुसऱ्या कंपनीच्या राउटरला कळत नाही. अशा वेळी एलएमआय ठीक, पीव्हीसी ॲक्टिव्ह, आणि डेटा मात्र शून्य.

टप्पा ८: आता पिंग

सोलापूरवरून १०.१०.१२.२ आणि १०.१०.१३.२. पाच उद्गारचिन्हं आली की फक्त टक्केवारी बघून सोडू नका, खालचा वेळही वाचा. १०० बाइटचा साधा पिंग ६४००० क्लॉकवर ५० ते ६० मिलिसेकंद घेतो. १५०० बाइटचा पिंग ७५० मिलिसेकंदांच्या जरा वर. हिशोब असा: १५०० बाइट म्हणजे १२००० बिट, ६४००० च्या तारेवरून जायला १८७.५ मिलिसेकंद, जाताना दोन तारा, येताना दोन, म्हणून चार वेळा. क्लॉक कमी ठेवला तो यासाठी. वेळ या हिशोबापेक्षा बराच वेगळा आला तर कुठल्यातरी पोर्टवर क्लॉक वेगळा पडलाय.

एम्युलेटरवर हा हिशोब लावू नका. तिथे क्लॉक रेट नावापुरताच असतो. एम्युलेटरचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. जीएनएस३ मधला तयार फ्रेम रिले स्विच फक्त ॲन्सी एलएमआय बोलतो. पॅकेट ट्रेसरमध्ये राउटरला स्विच बनवता येत नाही, तिथे क्लाउड नावाचं उपकरण घेऊन त्यात डीएलसीआय भरावे लागतात.

पिंग गेला नाही तर मागे कसं यायचं? उलट्या क्रमाने: शो फ्रेम-रिले मॅप, मग पीव्हीसी, मग एलएमआय, शेवटी कंट्रोलर्स. पीव्हीसीच्या आउटपुटमध्ये आत आलेली आणि बाहेर गेलेली पॅकेट मोजलेली असतात. बाहेर जाणारी वाढतायत आणि आत येणारी शून्य, तर समोरच्याच्या बाजूला बघा.

टप्पा ९: एकाच सबनेटमध्ये तिघे हवे असतील तर

घोळ खरा सुरू होतो तो इथे. मल्टिपॉइंटमध्ये तिघांचं सबनेट एक: १०.१०.१००.० /२४, सोलापूर .१, पंढरपूर .२, बार्शी .३. आता एकाच इंटरफेसवर दोन सर्किटं आहेत, म्हणून कुठला पत्ता कुठल्या डीएलसीआयवर हे राउटरला सांगावं लागतं. इन्व्हर्स एआरपी हे आपोआप करतो, पण सर्किटच्या थेट पलीकडच्या टोकापुरतंच. पंढरपूरला सोलापूर सापडतं. बार्शी सापडत नाही, कारण तिथे थेट सर्किटच नाही.

म्हणून मॅप हाताने लिहायचे. इंटरफेस शटडाउन असतानाच आधी नो फ्रेम-रिले इन्व्हर्स-एआरपी द्या, म्हणजे अर्धे शिकलेले, अर्धे लिहिलेले असे मॅप एकत्र होणार नाहीत. सोलापूरवर:

इंटरफेस सीरियल ०/०/०.१ मल्टिपॉइंट
आयपी ॲड्रेस १०.१०.१००.१ २५५.२५५.२५५.०
फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१०.१००.२ १०२ ब्रॉडकास्ट
फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१०.१००.३ १०३ ब्रॉडकास्ट

पंढरपूरवर:

फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१०.१००.१ २०१ ब्रॉडकास्ट
फ्रेम-रिले मॅप आयपी १०.१०.१००.३ २०१

बार्शीवर तसंच, १ आणि २ साठी, दोन्ही ३०१ वरून.

मॅप लिहिताना एकच वाक्य पाठ करा: पत्ता पलीकडचा, नंबर आपला. या ओळीत होणाऱ्या चुका जवळजवळ सगळ्या हे वाक्य उलटं केल्याने होतात.

पंढरपूरच्या दुसऱ्या मॅपला ब्रॉडकास्ट मुद्दाम दिलेला नाही. दोन्ही मॅप २०१ वरच आहेत. दोन्हींना दिला तर प्रत्येक ब्रॉडकास्ट त्याच तारेवरून दोनदा जाईल.

सावधान: मल्टिपॉइंटवर स्वतःच्याच पत्त्याला पिंग केला तर तो फेल जातो, कारण स्वतःसाठी मॅप नसतो. तो दोष नव्हे. पॉइंट-टू-पॉइंटवर स्वतःच्या पत्त्याचा पिंग पलीकडे जाऊन परत येतो, म्हणून तिथे चालतो. या एका फरकापायी कित्येक जण चालू सेटअप मोडून बसतात.

जुने, इन्व्हर्स एआरपीने शिकलेले मॅप हटत नसतील तर क्लिअर फ्रेम-रिले इनएआरपी. ०.०.०.० असा मॅप दिसत असेल आणि तोही जात नसेल, तर सेव्ह करून रीलोड.

टप्पा १०: राउटिंग चढवताना

पॉइंट-टू-पॉइंट केलं असेल तर इथे फारसं काही नाही. ओएसपीएफ आणि ईआयजीआरपी (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात ते प्रोटोकॉल) साध्या सीरियल लाइनसारखेच चालतात.

मल्टिपॉइंटवर ईआयजीआरपीला स्प्लिट होरायझन आडवा येतो. पंढरपूरकडून आलेला रूट सोलापूर त्याच इंटरफेसवरून बार्शीला सांगत नाही. सोलापूरच्या सब-इंटरफेसवर नो आयपी स्प्लिट-होरायझन ईआयजीआरपी, पुढे एएस नंबर. ही कमांड हबवरच, स्पोकवर नको.

ओएसपीएफ मल्टिपॉइंटला नॉन-ब्रॉडकास्ट समजतो आणि शेजारी आपणहून शोधत नाही. सोपा उपाय म्हणजे तिन्ही ठिकाणी आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-मल्टिपॉइंट. मूळ प्रकारच ठेवायचा असेल तर हबवर नेबर कमांड द्या आणि दोन्ही स्पोकची प्रायॉरिटी शून्य करा, नाहीतर पंढरपूर डीआर (सगळ्यांच्या वतीने माहिती वाटणारा राउटर) होऊन बसेल आणि बार्शीपर्यंत त्याचा हात पोचणार नाही. एका बाजूला मल्टिपॉइंट आणि दुसऱ्या बाजूला पॉइंट-टू-पॉइंट अशी मिसळ असेल तर हॅलोची वेळ जुळत नाही, ३० सेकंद आणि १० सेकंद, आणि शेजार जमतच नाही.

टप्पा ११: ट्रॅफिक शेपिंग, लागलं तरच

मुख्य इंटरफेसवर फ्रेम-रिले ट्रॅफिक-शेपिंग ही कमांड (बाहेर जाणाऱ्या डेटाचा वेग बांधून देणारी) एकटी टाकून सोडू नका. क्लास दिला नसेल तर प्रत्येक पीव्हीसीला सीआयआर (सर्किटला ठरवून दिलेला वेग, दर सेकंदाला इतके बिट) ५६००० लागू होतो. क्लॉक २०००००० असला तरी फाइल गोगलगायीच्या वेगाने जाते आणि संशय केबलवर घेतला जातो. आपल्या ६४००० च्या तारेवर सोलापूरची दोन सर्किटं आहेत, म्हणून प्रत्येकी ३२००० धरू:

मॅप-क्लास फ्रेम-रिले डेपो
फ्रेम-रिले सीआयआर ३२०००
फ्रेम-रिले बीसी ४०००

मग दोन्ही सब-इंटरफेसवर फ्रेम-रिले क्लास डेपो. बीसीला (एका खेपेला सोडायचे बिट) सीआयआरने भागलं की टीसी (एका खेपेची वेळ) मिळतो: ४००० भागिले ३२०००, म्हणजे १२५ मिलिसेकंद. बँडविड्थ या कमांडने वेग बदलत नाही. तो आकडा राउटिंगच्या हिशोबापुरता.

टप्पा १२: सेव्ह, आणि लाइट घालवून बघा

चारही राउटरवर कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग. स्विचचा राउटर विसरायची सवय असते, कारण तो कुणाच्याच टेबलावर नसतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि जुन्या राउटरचे पंखे तसेही थकलेले असतात. तेव्हा परीक्षकांसमोर अंधार होण्याआधी आपणच मेन स्विच बंद करून परत चालू करा.

राउटर उठले की दोन मिनिटं थांबून शो फ्रेम-रिले पीव्हीसी. सगळं परत ॲक्टिव्ह आलं तर झालं. एखादा राउटर पूर्ण कोरा उठला, सेटअपचा संवाद विचारायला लागला, तर सेव्ह केलं नव्हतं असं लगेच ठरवू नका. शो व्हर्जन मारा आणि शेवटची ओळ वाचा. तिथे ०एक्स२१४२ असेल तर कुणीतरी पासवर्ड काढताना कॉन्फिग रजिस्टर (सुरू होताना काय वाचायचं हे ठरवणारा आकडा) बदलून तसाच सोडलाय. सेकंडहँड राउटरमध्ये हे वारंवार दिसतं. कॉन्फिग आत शाबूत असतं, राउटर ते वाचत नाही एवढंच. या अवस्थेत चुकूनही सेव्ह करू नका, कोरं कॉन्फिग चांगल्या कॉन्फिगवर बसेल. आधी कॉपी स्टार्टअप-कॉन्फिग रनिंग-कॉन्फिग, मग पोर्टना नो शटडाउन, कारण असं चढवलेल्या कॉन्फिगमध्ये पोर्ट बंदच राहतात. मग कॉन्फिग-रजिस्टर ०एक्स२१०२, मग सेव्ह, आणि पुन्हा एकदा मेन स्विच.